द्राक्षाचा रस, उसाची नजर : शाब्ली गावच्या शार्दोने वाईनची हकिगत



ऊस उत्पादकांच्या अंकात वाईनवर लेख बघून काही मंडळींच्या कपाळाला आठी पडेल, विशेषतः माळकरी सभासदांच्या. त्यांना आधीच सांगून टाकतो, हा लेख पिण्याबद्दल नाही, पिकवण्याबद्दल आहे. कोणी प्यावी अशी शिफारस यात कुठेही केलेली नाही. परंतु ज्या शेतकऱ्याच्या बागेतून ही वाईन निघते, त्याचं रडगाणं आणि त्याची हिकमत ऐकली, की वाटतं हा आपल्याच शिवारातला माणूस आहे. रस, रसातली साखर, तोडणीची तारीख, गारपीट, भावांच्या वाटण्या, संस्थेचा हप्ता, सगळं तेच. फक्त उसाच्या जागी द्राक्ष आणि कृष्णा-नीरेच्या जागी सरँ नावाची एक लहानशी नदी.

गाव, नदी आणि पांढरी माती

फ्रान्स देशाची राजधानी पॅरिस. तिथून आग्नेयेला साधारण १८० किलोमीटरवर शाब्ली हे गाव आहे. प्रांत बर्गंडी, जिल्हा योन. गाव तसं लहानच, आपल्याकडच्या मोठ्या बाजारपेठेच्या गावाएवढंही नाही. पण या गावाचं नाव जगभरच्या हॉटेलांच्या यादीत छापलेलं असतं. कारण एकच. इथं शार्दोने नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची कोरडी वाईन होते आणि या नावाखाली दुसरं कुठलंही द्राक्ष चालत नाही.

जमीन म्हणाल तर आपली काळी कसदार माती बघणाऱ्याला ती जमीनच वाटणार नाही. चुनखडी आणि चिकणमाती यांचं पांढुरकं मिश्रण, त्यात दगडगोटे. ढेकूळ हातात घेऊन फोडलं तर आत स्वल्पविरामाच्या आकाराचे बारीक शिंपले दिसतात. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी तिथं उथळ समुद्र होता, त्या समुद्रातल्या कालवांचे हे शिंपले. अशा जमिनीत ऊस लावायला कोणी धजणार नाही. पण द्राक्षवेलीला ती मानवते. पाण्याचा निचरा होतो, वेल माजत नाही आणि घड मोजके पण रसदार येतात.

जमिनीच्या प्रतीनुसार तिथं चार पायऱ्या ठरलेल्या आहेत. सगळ्यांत खाली पेती शाब्ली, त्यावर शाब्ली, त्यावर प्रीमिए क्रू आणि सगळ्यांत वर ग्रां क्रू. ग्रां क्रू म्हणजे गावासमोर नदीच्या उजव्या काठावरची एकच टेकडी, नैर्ऋत्येकडे तोंड केलेली, जेमतेम १०० हेक्टरची. तिच्यावर सात तुकडे, प्रत्येकाला वेगळं नाव. वेल तोच, द्राक्ष तेच, राबणारा माणूसही कधी कधी तोच. पण टेकडीवरच्या बाटलीला खालच्या बाटलीच्या कितीतरी पट भाव मिळतो. आपल्याकडे माळावरचा आणि मळईचा ऊस एकाच काट्यावर, एकाच भावानं जातो. तिथं जमिनीचा तुकडा भाव ठरवतो.

वाण कुठून आला?

शार्दोने हा वाण खानदानी समजला जातो. शेकडो वर्षं बर्गंडीचे लोक त्याच्या कुळाचा अभिमान सांगत आले. परंतु १९९९ साली अमेरिकेच्या आणि फ्रान्सच्या शास्त्रज्ञांनी वेलांच्या अनुवंशाची तपासणी करून त्याचे आईबाप शोधून काढले, तेव्हा गंमत झाली. एका बाजूला पिनो हा नामांकित वाण निघाला. दुसऱ्या बाजूला निघाला ग्वे ब्लां नावाचा गावठी वाण. या ग्वेला तिथले जमीनदार नावं ठेवत. कुणब्यांनी बांधाकडेला, हलक्या जमिनीत लावायचा, भरपूर आणि आंबट येणारा वेल. काही ठिकाणी तर त्याच्या लागवडीवर बंदी घातली गेली होती. त्या गावठी वेलाच्या पोटी हा राजपुत्र जन्मला.

आपल्या ऊसकऱ्याला यात नवल वाटू नये. कोईमतूरच्या ऊस संशोधन केंद्रात १९१२ पासून जे काम सुरू झालं, त्याचं मूळ हेच. जाड, रसाळ अशा थोर उसाचा संकर त्यांनी रानातल्या काटक उसगवताशी केला. त्यातून को २०५ निघाला आणि पुढं को वाणांची मालिकाच सुरू झाली. आज आपल्या शेतात डोलणारा को ८६०३२ देखील संकरातूनच आला. को ६२१९८ आणि कोसी ६७१ हे त्याचे आईबाप. गोडी एकाकडून, काटकपणा दुसऱ्याकडून. बियाण्याच्या बाबतीत गावठी म्हणून कुणाला हिणवू नये, हा धडा दोन्ही पिकांनी दिला आहे.

रसाचं गणित

आता मुख्य मुद्दा. वाईन कोरडी म्हणजे काय? कोरडी म्हणजे ओली नसलेली असा अर्थ नाही. कोरडी म्हणजे जिच्यात साखर उरलेली नाही अशी.

सप्टेंबर महिन्यात द्राक्ष पिकायला आलं की बागाईतदार रोज बागेत जाऊन मणी चुरडतो आणि रसाचा थेंब हातातल्या ब्रिक्स मीटरवर टाकतो. आपल्या शेतकी खात्याचा माणूस तोडणीआधी उसाच्या रसाचं करतो तसंच. काटा २० ब्रिक्सच्या आसपास गेला की तोड जवळ आली असं समजायचं. म्हणजे आपल्या पक्व उसाच्या रसाइतकाच तो रस गोड असतो. एका लिटरमध्ये साधारण २०० ग्रॅम साखर.

फरक पुढं आहे. आपण ती साखर जपतो. रस तापवतो, चुन्यानं स्वच्छ करतो, आटवतो, दाणा बसवतो आणि साखर उतारा किती पडला ते पाहतो. पाव टक्का उतारा घसरला तरी वार्षिक सभेत आवाज चढतात. शाब्लीचा शेतकरी मात्र ती सगळी साखर खमिराला खायला घालतो. द्राक्षं दाबयंत्रात हलकेच दाबायची, रस थंड जागी रात्रभर निवळू द्यायचा, गाळ खाली बसला की वरचा स्वच्छ रस टाकीत घ्यायचा. मग खमीर कामाला लागतं. दोन-तीन आठवडे टाकी बुडबुडत असते. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर खाल्ली गेली की एक टक्का मद्यार्क तयार होतो. म्हणजे २०० ग्रॅम साखरेतून पावणेबारा-बारा टक्के. साखर जवळजवळ शून्यावर आली, की वाईन कोरडी झाली.

आपल्या डिस्टिलरीतही मळीचं असंच आंबवण होतं. परंतु आपण ते उकळून मद्यार्क वेगळा काढतो. वाईनमध्ये उकळणं नाही. जे आंबलं तेच निवळून, मुरवून बाटलीत भरायचं. त्यामुळं रसात जो काही दोष असेल, तो झाकायला जागा नाही. गोड वाईनमध्ये गोडी पुष्कळ पाप पोटात घालते. कोरड्या वाईनमध्ये आंबटपणा कसा आहे, द्राक्ष वेळेवर तोडलं की नाही, सगळं उघडं पडतं. शाब्लीची वाईन ओळखतात ती तिच्या आंबट, खणखणीत चवीवरून. आणि तो आंबटपणा येतो थंड हवेमुळं. थोडक्यात, ज्या थंडीमुळं त्यांची वाईन नावाला चढली, तीच थंडी त्यांच्या मुळावर उठते. त्याची गोष्ट पुढं येतेच.

उत्पन्नाचाही आकडा पाहा. शाब्ली हे नाव लावायचं तर साधारण नियमानं हेक्टरी ६० हेक्टोलिटर, म्हणजे ६,००० लिटरच वाईन काढता येते. त्याहून वरच्या पायरीला मर्यादा आणखी कमी. हिशेब केला तर एकरी तीन टनांच्या आसपास द्राक्ष आणि साधारण ३,२०० बाटल्या. आपण एकरी ४० टन उसाला साधारण म्हणतो आणि १०० टनाच्या स्पर्धा लावतो. तिथं जास्त पिकवलं तर नाव जातं. टनेज नव्हे, प्रत हा त्यांचा मंत्र. तो त्यांच्या बाजाराला लागू पडतो, आपल्या उसाला तसाच्या तसा नाही, हेही खरं.

साखर घालण्याची भानगड

थंड वर्षी द्राक्ष पुरतं गोड होत नाही. मग काय करायचं? शाप्ताल नावाचे एक फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ होते. नेपोलियनच्या काळात ते गृहमंत्री होते. त्यांनी १८०१ साली आपल्या ग्रंथात सांगितलं की कमी गोडीच्या रसात आंबण्याआधी मोजकी साखर घालावी, म्हणजे वाईन टिकाऊ होईल. या पद्धतीला आजही त्यांच्याच नावानं ओळखतात.

याच गृहस्थांचा साखर धंद्याशीही संबंध आहे. इंग्रजांशी युद्ध चालू असताना नेपोलियननं १८०६ साली त्यांच्या व्यापाराची नाकेबंदी पुकारली आणि उलट वेस्ट इंडीज बेटांची उसाची साखर फ्रान्सला मिळेनाशी झाली. तेव्हा बीटपासून साखर काढण्याच्या खटपटीला ज्यांनी पाठबळ दिलं, त्यांत शाप्ताल होते. २ जानेवारी १८१२ रोजी पॅरिसजवळ देलेसेर यांच्या कारखान्यात बीटची साखर बघून नेपोलियननं आपल्या छातीवरचं पदक काढून त्यांना दिलं, अशी हकिगत सांगतात. आपल्या उसाचा हा प्रतिस्पर्धी अशा रीतीनं उभा राहिला. आज फ्रान्समधले बरेचसे बीट कारखाने बीट उत्पादकांच्या सहकारी संस्थांच्या मालकीचे आहेत, हेही ध्यानात ठेवण्याजोगं आहे.

पण औषध म्हणून आलेली साखर पुढं भेसळ म्हणून वापरली गेली. पाणी आणि साखर घालून व्यापारी वाईन वाढवू लागले, भाव कोसळले आणि दक्षिण फ्रान्सचा द्राक्ष उत्पादक देशोधडीला लागला. १९०७ साली तो रस्त्यावर आला. ९ जूनला मोंपेलिए शहरात लाखोंचा मोर्चा निघाला. सैन्य आलं, गोळीबार झाला, माणसं मेली. शेवटी त्याच महिन्यात सरकारनं कायदा करून वाईनमध्ये घालायच्या साखरेवर कर आणि नियंत्रण बसवलं. साखर घालण्याला आजही मर्यादेत परवानगी आहे. परंतु हवामान तापत चालल्यामुळं शाब्लीत तिची गरज कमी होत आहे.

एप्रिलमधली रात्र

आता डोळ्यांपुढं एक कुटुंब आणा. नाव-गाव नको, कारण अशी कुटुंबं तिथं शेकडो आहेत. वीस-पंचवीस एकर बाग, तीही एका ठिकाणी नाही, टेकड्यांवर चार-पाच तुकड्यांत. नवरा, बायको, एक मुलगा, म्हातारे वडील. हिवाळ्यात छाटणी झाली आहे. आपल्या नाशिक-सांगलीकडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. तिथं वर्षाला एकच. मार्चअखेर उन्हं पडतात आणि डोळे फुगू लागतात. एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कोवळी हिरवी पालवी बाहेर येते. त्या बोटभर कोंबातच वर्षाचं सगळं पीक असतं.

आणि मग एका निरभ्र रात्री हिम पडतं. पारा शून्याच्या खाली दोन-तीन अंश गेला की तो कोंब करपतो. सकाळी ऊन लागलं की काळा पडतो. संपलं. ऊस मोडला तर खोडवा येतो, तूर गेली तर हरभरा पेरता येतो. इथं पुन्हा फुटवा आला तरी घड नावालाच.

म्हणून एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत शाब्लीत कोणी निवांत झोपत नाही. जुनी माणसं ११, १२ आणि १३ मे या तीन तारखांना हिमसंतांचे दिवस म्हणतात. ते गेले की वेल तरला, अशी समजूत. आपण मृगाकडं डोळे लावतो तसंच ते या तीन दिवसांकडं लावतात.

उपाय दोन प्रकारचे. पहिला आगीचा. पूर्वी बागेत तेलाच्या शेगड्या पेटवत. आता मेणाचे मोठे डबे ठेवतात, हेक्टरी तीनशे-चारशे. पहाटे दोन-तीनला अख्खं घर उठतं आणि डबा डबा पेटवत ओळीतून धावतं. लांबून बघणाऱ्याला दिवाळी वाटते. घरधन्याला मात्र दर डब्यामागं पैसा जळताना दिसतो. आणि वारा उलटा फिरला तर तोही फुकट.

दुसरा उपाय पाण्याचा, आणि तो ऐकून प्रथम कोणाचाही विश्वास बसत नाही. हिम पडणार असं दिसलं की वेलावर तुषार सिंचन सुरू करायचं. पाणी कोंबावर गोठतं, कोंब बर्फाच्या काचेत बंद होतो. परंतु पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं, दर ग्रॅमला ८० कॅलरी. त्या उष्णतेमुळं बर्फाच्या आतला कोंब शून्याच्या आसपास राहतो आणि वाचतो. अट एकच. सकाळी बर्फ वितळेपर्यंत पाणी थांबता कामा नये. मध्येच पंप बंद पडला तर पाणी न घातलेल्या वेलापेक्षा भिजलेल्या वेलाचं नुकसान जास्त. रात्री लाईट गेली की आपल्या छातीत जे धस्स होतं, ते त्या बागाईतदाराला वेगळं समजावून सांगायला नको. या पाण्यासाठी बेन गावाजवळ मोठं तळं करून घेतलेलं आहे. हे काम कुणा एकट्याच्या खिशातून होणारं नव्हतं.

१९५० च्या दशकात हिमानं या गावाला इतकं झोडपलं होतं, की लोक बागा सोडून देऊ लागले. त्याआधीच घरघर लागली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रेल्वे आली आणि दक्षिणेची स्वस्त वाईन पॅरिसच्या बाजारात उतरली. पाठोपाठ फिलॉक्सेरा नावाची मुळं कुरतडणारी, माव्याच्या जातीची कीड आली. २००२ साली उसावर लोकरी मावा आला तेव्हा आपली कशी तारांबळ उडाली होती ते आठवा. आपल्याला मित्रकिडींनी तारलं. त्यांना अमेरिकन खुंटावर कलम बांधून सगळ्या बागा नव्यानं उभ्या कराव्या लागल्या. असे तडाखे खात खात १९५० च्या दशकात शाब्लीची बाग जेमतेम ५०० हेक्टरवर आली होती. आज ती साडेपाच हजार हेक्टरांच्या पुढं गेली आहे. हिमाशी झुंजायची साधनं आली आणि बाजार टिकून राहिला म्हणून.

तरी संकट सरलेलं नाही. २०२१ च्या मार्चअखेर ऊन कडक पडलं, पालवी लवकर फुटली आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात सलग रात्री हिम पडलं. फ्रान्सभरच्या बागा पोळल्या. त्यांच्या कृषिमंत्र्यांनी हे या शतकाच्या सुरुवातीचं बहुधा सर्वांत मोठं शेती संकट असल्याचं सांगितलं. २०२४ साली तर हिमापाठोपाठ, आपण महाराष्ट्र दिन साजरा करत होतो त्याच १ मे रोजी, शाब्ली परिसरात गारपीट झाली आणि काही शिवारात पानही शिल्लक राहिलं नाही. उरलेल्यावर पावसाळी हवेनं केवडा आला. शिवाय तोडणीची तारीख अलीकडं सरकत आहे. याच प्रांतात बोन या गावी १३५४ पासूनच्या द्राक्षतोडणीच्या तारखांच्या नोंदी जुळवल्या गेल्या आहेत. त्यांवरून असं निघालं की १९८८ नंतर तोड पूर्वीच्या मानानं सरासरी १३ दिवस आधी येते. हवा तापली म्हणजे हिम टळलं असं नाही. पालवी लवकर फुटते आणि हिमाच्या तोंडी सापडते.

एकट्याची बाटली की संस्थेची टाकी?

द्राक्ष हाती आलं तरी प्रश्न संपत नाही. ते विकायचं कसं? पूर्वी व्यापारी येऊन रस किंवा पिंपातली वाईन घेऊन जात, ते म्हणतील तो भाव. आपल्याकडं गुऱ्हाळाच्या काळात अडत्यासमोर गुळाची ढेप ठेवून बसणाऱ्या शेतकऱ्याची जी अवस्था होती, तीच.

फ्रान्समध्ये सहकारी वाईन संस्थेची सुरुवात १९०१ साली दक्षिणेत मारोसां या गावी झाली. आपल्याकडं सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ चा. शाब्लीत १९२३ साली, एका धर्मगुरूच्या पुढाकारानं, ला शाब्लिझिएन ही संस्था निघाली. पहिलं महायुद्ध होऊन पाचच वर्षं झाली होती. घराघरांत कर्ते पुरुष गेलेले, बागा किडीतून नुकत्या उठलेल्या. सुरुवातीला संस्थेचं काम एवढंच, सभासदांनी घरी केलेली वाईन एकत्र विकायची. पुढं वाईन करण्याचं कामही संस्थेनं घेतलं. आज तिचे सुमारे ३०० सभासद आहेत आणि शाब्लीच्या एकूण वाईनपैकी जवळपास पाव हिस्सा त्यांच्याकडून येतो. सात ग्रां क्रूंपैकी ग्रनुई नावाच्या तुकड्याचा मोठा हिस्साही संस्थेकडं आहे.

तिची एक रीत वेगळी आहे. सभासद द्राक्ष घेऊन जात नाही. तो आपल्या घरी द्राक्ष दाबतो आणि रस नेऊन घालतो. म्हणजे आपल्याकडं प्रत्येकानं आपापल्या चरकावर ऊस गाळून रस कारखान्यात नेल्यासारखं. द्राक्ष तोडल्यावर जितका वेळ जाईल तितकं बिघडतं. गव्हाणीपुढं गाड्या ताटकळल्या की आपला ऊस वाळतो आणि वजन घटतं, तशातलाच प्रकार. त्यावर त्यांनी हा तोडगा काढला. पुढचं सगळं, आंबवणं, मुरवणं, बाटल्या, परदेशी गिऱ्हाईक, संस्था बघते. वाईन वर्षभरानं, कधी दोन वर्षांनी विकली जाते, त्यामुळं सभासदाला पैसे हप्त्याहप्त्यानं मिळतात. हप्ता कधी आणि किती यावरून तिथंही सभेत बोलणं होत नसेल असं समजू नका.

दुसऱ्या बाजूला, स्वतःच्या घरी बाटली भरून स्वतःच्या नावानं विकणारी कुटुंबंही तिथं पुष्कळ आहेत. ज्याची बाटली नावाला चढली, त्याला संस्थेच्या सभासदापेक्षा जास्त पैसा सुटतो. पण त्याला टाक्या घ्याव्या लागतात, बँकेचं कर्ज काढावं लागतं, गिऱ्हाईक शोधत फिरावं लागतं. आणि हिमाचं वर्ष आलं की टाकी रिकामी, हप्ता मात्र भरलेलाच पाहिजे. संस्थेत तीनशे जणांच्या बागा वेगवेगळ्या टेकड्यांवर असतात. एकाचं गेलं तरी दुसऱ्याचं राहतं, धक्का वाटला जातो. कोणता मार्ग बरा याचं उत्तर प्रत्येक घरानं आपापलं काढलं आहे. एकाच घरात एक भाऊ संस्थेत आणि दुसरा स्वतःच्या बाटलीवर, असंही असू शकतं.

अडीअडचणीसाठी आणखी एक सोय त्यांनी करून घेतली आहे. चांगल्या वर्षी मर्यादेपेक्षा थोडी जास्त निघालेली वाईन नियमानुसार राखून ठेवता येते आणि वाईट वर्षी तेवढी बाहेर काढता येते. आपल्या आज्या-पणज्यांचं ज्वारीचं पेव आठवा. तोच विचार, कायद्यात बसवलेला.

वाटण्या

१८०४ सालच्या नेपोलियनच्या कायद्यानं सगळ्या मुलांना बापाच्या मालमत्तेत सारखा वाटा दिला. न्यायाच्या दृष्टीनं योग्यच. परंतु बागेचे तुकडे झाले. याच बर्गंडीत क्लो द वुजो नावाची एक प्रसिद्ध बाग आहे. एकाच भिंतीच्या आत ५० हेक्टर, आणि मालक सुमारे ८०. कोणाकडं चार ओळी, कोणाकडं दहा. आपल्या सातबाऱ्यावरची नावं आणि बांधावरची भांडणं आठवली की हसावं की रडावं कळत नाही.

त्यांनी काढलेला एक मार्ग विचार करण्याजोगा आहे. १९७० च्या अखेरीस फ्रान्सनं कायदा करून कुटुंबाला जमिनीची संस्था काढण्याची मुभा दिली. जमीन एकत्रच राहते, भावंडांच्या नावावर जमिनीऐवजी हिस्से लागतात. जो मुलगा किंवा मुलगी गावात राहून बाग कसते, ती व्यक्ती त्या संस्थेकडून लांब मुदतीच्या खंडानं जमीन घेते. शहरात गेलेल्या भावाला त्याचा खंड मिळतो, जमीन तुटत नाही. शेतजमिनीचा खंड तिथं कमीत कमी नऊ वर्षांचा असतो, त्यामुळं कसणाऱ्याला वेल लावायची हिंमत होते. अर्थात यानंही भांडणं मिटली असं नाही. बागेची किंमत इतकी चढली आहे, की वारसाकराच्या आणि भावंडांच्या वाट्याच्या ओझ्याखाली काही जुन्या घरांना बाग विकावी लागते. जमिनीचा भाव वाढला म्हणून कसणारा श्रीमंत झाला असं होत नाही, हे त्यांनाही कळून चुकलं आहे.

नावाची किंमत

१९३८ साली शाब्ली हे नाव कायद्यानं राखलं गेलं. कुठली जमीन, कुठलं द्राक्ष, किती उत्पन्न, सगळं लेखी. तरीही अमेरिकेत कित्येक वर्षं कुठल्याही स्वस्त पांढऱ्या वाईनवर शाब्ली हे नाव छापून माठाएवढ्या बाटल्यांतून ती खपवली जात असे, जिच्यात शार्दोनेचा थेंब असेलच असंही नव्हतं. २००६ साली युरोप आणि अमेरिका यांच्यात करार झाला, तेव्हा कुठं नव्यानं असं नाव लावण्याला आळा बसला. जुन्यांना मात्र सवलत राहिली.

आपल्याला हे नवं नाही. कोल्हापुरी गुळाच्या नावावर कुठला कुठला गूळ बाजारात येतो ते सभासदांना ठाऊक आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, नाशिकच्या द्राक्षाला त्याआधी मिळालं. पण कागद मिळणं ही सुरुवात झाली. शाब्लीकरांनी नाव टिकवलं ते आपसात एकमेकांवर नजर ठेवून. नावाची हद्द वाढवावी की नाही, यावरून १९७० च्या दशकात त्यांच्यातच दोन तट पडले होते. भांडले, पण नियम ठरवूनच उठले.

आपल्या शिवाराशी संबंध

कोणी विचारेल, मग आपणही ऊस मोडून शार्दोने लावावी काय? घाई नको. शार्दोने आपल्याकडं येत नाही असं नाही. सोलापूर जिल्ह्यात, उसाच्या पट्ट्यातल्याच अकलूज परिसरात, इटलीच्या आणि इथल्या कुटुंबांनी मिळून तिची लागवड केली आणि तिथली शार्दोने वाईन देशात विकली जाते. परंतु आपल्याकडं थंडी कमी, रसात गोडी झपाट्यानं चढते आणि आंबटपणा तितक्याच झपाट्यानं उतरतो. त्यामुळं तोडणीचे मोजकेच दिवस हाती असतात.

शिवाय एक जखम अजून ओली आहे. राज्य सरकारचं वाईन धोरण २००१ साली आलं, पुष्कळांनी उत्साहानं वाईनची द्राक्षं लावली. २००८ नंतर मंदी आली, मागणी घटली आणि कित्येक बागाईतदारांना घेणारा मिळेना, काहींचे पैसे बुडाले. वाईनचं द्राक्ष खायला चालत नाही, बाजारात नेऊन विकता येत नाही. कुऱ्हाड लावण्याखेरीज इलाज उरला नाही. ज्या पिकाला एकच गिऱ्हाईक, त्या पिकाचा शेतकरी एकटा असला की काय होतं ते त्यांनी भोगलं. उसालाही खरं तर एकच गिऱ्हाईक, कारखाना. फरक एवढाच, की १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेकाठच्या शेतकऱ्यांनी तो गिऱ्हाईक आपल्याच मालकीचा करून दाखवला.

शाब्लीच्या त्या कुटुंबाकडं परत जाऊन लेख आवरता घेतो. हिमाच्या रात्री पहाटे तीन वाजता ते चौघं मेणाचे डबे पेटवत असतात. समोरच्या टेकडीवरही दिवे दिसतात, पलीकडच्याही. शेजाऱ्याचे डबे लवकर संपले तर आपल्या ट्रॉलीतले चार त्याला द्यायचे की नाही, हा विचार त्याच वेळी करावा लागतो. आपली बाग वाचली आणि त्याची गेली, तर संस्थेच्या टाकीत रस कमी पडणार, परदेशी गिऱ्हाईक दुसरीकडं जाणार आणि पुढच्या वर्षी आपलाही हप्ता घटणार. म्हणून डबे दिले जातात. प्रेमानं दिले जात असतील, हिशेबानंही दिले जात असतील. सूर्य वर आला की मग सगळे बांधावर बसून कोंब चुरडून बघतात, आत हिरवा आहे की काळा.

आपला हंगाम संपत आला की आपणही वजनाच्या पावत्या घेऊन बसतो आणि असंच काहीतरी चुरडून बघत असतो. पुढच्या वार्षिक सभेला येताना हा हिशेब मनात ठेवावा, एवढीच विनंती.